सकीनाच्या घरातून घरी गेलेली मुलं

मी एक जुना फ्रीज आहे आणि माझ्या पोटात सध्या कबुतरांचे दाणे भरलेले आहेत. माझं दार नीट बसत नाही, म्हणून ते सुतळीने बांधतात. मित्रांनो, मी ज्या गच्चीवर पडलो आहे तिच्याखाली एक तीन मजली घर आहे. लांबलांबच्या गावांहून आजारी मुलं घेऊन आलेली माणसं तिथे राहतात, कारण पलीकडच्या रस्त्यावर मुलांचं मोठं इस्पितळ आहे. त्या घरात कुणाकडून काही घेत नाहीत. मी तिथल्या स्वयंपाकघरात पुष्कळ वर्षं उभा होतो. जे पाहिलं ते सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कैरोबाहेरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला आणि त्यावर पुदिन्याच्या पानासारखा फिकट हिरवा रंग चढवला. तो रंग तेव्हा फार चालत असे. आमच्याकडे लग्नात स्वयंपाकघरातलं सामान मुलीकडचे देतात. तहिय्या नावाच्या मुलीच्या लग्नात मी उघड्या गाडीवरून, ढोलाच्या मागे, गाद्यांच्या ढिगाला टेकून गल्लीत आलो. बाल्कन्यांतून बायका सामान पाहत होत्या. तहिय्याच्या आईने माझ्या दारावर निळा मणी चिकटवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बघू द्या पोटभर. नजर लावणारीचेच डोळे फुटतील.”

तहिय्याने मला चांगलं वागवलं. शुक्रवारी ती मला आतून पुसायची. उन्हाळ्यात लाल जास्वंदीच्या सरबताच्या बाटल्या दारात आडव्या ठेवायची. तिला एकच मुलगी झाली, रावया. रावया मोठी झाली, शाळेत शिकवू लागली, आणि मग तहिय्याला ते दुखणं झालं. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. ‘ते वाईट’ म्हणतात. डॉक्टरसुद्धा आधी नातेवाइकांना बाहेर बोलावतात आणि रोग्याला काय सांगायचं ते मग ठरतं. रावयाने आईला सांगितलं की पोटात सूज आहे.

एकदा तहिय्या भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. रावयाने तिला माझ्यातलं थंड पाणी दिलं. तहिय्या म्हणाली, “रावया, खरं सांग.”

“सूज आहे, आई. उतरेल.”

तहिय्या पाणी प्यायली, तिने पेला ओट्यावर ठेवला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ती गेल्यावर रावयाने कपडे वाटले, पलंग मावशीला दिला. मला मात्र ती हज्जा सकीनाच्या घरी घेऊन आली. मला जागेवर उभं करून हमाल गेले, तरी ती माझ्या दारावर हात ठेवून उभी होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा आली, भांडी घासली, आणि मग रोजच येऊ लागली. शाळेतल्या मुली तिला अब्ला, म्हणजे बाई, म्हणत, म्हणून या घरातल्या आयाही तिला अब्ला म्हणू लागल्या.

हज्जा सकीना, म्हणजे हज करून आलेली सकीना, त्या घराची मालकीण. तिचा एकुलता एक मुलगा हातिम पूर्वी त्याच इस्पितळात होता. तेव्हा हे घर नव्हतं. नवऱ्याबरोबर ती खेड्यातून आली होती आणि इस्पितळासमोरच्या पदपथावर घोंगडी घालून झोपत होती. एके दिवशी शेजारच्या खाटेवरचं मूल गेलं आणि त्याची आई किंचाळत जिन्यावरून उतरली. हातिमने ते ऐकलं. त्यानंतर त्याने अन्न सोडलं आणि थोड्याच दिवसांत तोही गेला, असं हज्जा सांगे. पुढे नवऱ्याच्या वाट्याचं हे घर तिच्याकडे आलं, तेव्हा तिने ते अशा आईबापांसाठी उघडलं. कुणी पदपथावर झोपू नये आणि कुणाच्या मुलाने ती किंकाळी ऐकू नये, या दोनच गोष्टी तिला हव्या होत्या.

म्हणून त्या घराची एक रीत होती. कुणी खोली सोडून गेलं की ‘घरी गेले’ एवढंच म्हणायचं. ज्याचं मूल बरं झालं त्याने मिठाई वाटायची नाही, बायकांनी आनंदाचा गजर करायचा नाही. ज्याचं मूल गेलं त्याने रडायचं नाही. दोघांनीही मागच्या जिन्याने उतरायचं. कुणी विचारलं तर हज्जा म्हणे, “घरी गेले.” आणि विचारणारी आई म्हणे, “देव त्यांची वाट सोपी करो.” पुढे ती काही विचारत नसे. कारण तिलाही ऐकायचं नसे.

मला मात्र कळायचं. प्रत्येक खोलीला माझ्यातला एक कप्पा असे. बरं होऊन जाणाऱ्या मुलाची आई आपला कप्पा रिकामा करून, फडक्याने पुसून जाई. दुसरी आई त्या स्वयंपाकघरात परत येतच नसे. तिचं दही, तिचं लोणचं, मुलाने एक घास खाऊन ठेवलेला पेरू माझ्यातच राही. मग दुपारी सगळ्या आया इस्पितळात असताना रावया तो कप्पा धुऊन टाकी.

मित्रांनो, आता मी हनिय्याबद्दल सांगतो.

हनिय्या सोहागकडच्या एका गावातून आली होती. तिची मुलगी बस्मला आठ वर्षांची. बस्मलाच्या गुडघ्याच्या वर हाडात दुखत होतं. गावात सगळ्यांना वाटलं, खेळताना पडली असेल. तेल चोळून झालं, पट्टी बांधून झाली, पण सूज उतरेना. हनिय्याचा नवरा लिबियात इमारतींवर काम करायचा. तो फोनवर एकच वाक्य बोले, “तू तिथे आहेस, तूच काय ते बघ.”

शेजारच्या खोलीत मिन्याकडची एक ख्रिस्ती बाई होती. तिचा मुलगा अबानूब, बस्मलापेक्षा थोडा मोठा. त्यालाही तेच दुखणं, तेही मांडीतच. आमच्याकडे बायकांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारत नाही, मुलाच्या नावाने मारतात. म्हणून ती उम्म अबानूब, अबानूबची आई. हनिय्याला ती उम्म बस्मला म्हणे. दोघींचे कप्पे माझ्यात खालीवर होते. हनिय्याच्या कप्प्यात मडक्यात मुरवलेलं खारं चीज, तूप आणि कधीमधी गावाहून आलेलं बदक. उम्म अबानूबच्या कप्प्यात बहुतेक वेळा फक्त भाजी आणि उकडलेला घेवडा, कारण तिचे उपास असत.

“तुमचा उपास सुटतो तरी कधी गं?” हनिय्या विचारी. “दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. देव तुमच्यावर रुसलाय की काय?”

“आमचा निदान गुपचूप असतो,” उम्म अबानूब म्हणे. “तुमचा एक महिना, आणि सूर्य बुडाला की असं जेवता, बैलालाही लाज वाटेल.”

“तुझ्या घेवड्यावर ठेवलं तर बैल नांगर ओढील का? उभ्या उभ्या देवाघरी जाईल तो.”

“जाऊ दे की. तिथे तरी तुझ्या चीजचा वास येणार नाही.”

मग दोघी हसत आणि लगेच तोंडावर पदर धरत, कारण वरच्या मजल्यावर कुणाचं काय चाललं असेल ते माहीत नसे.

मुलांना माझं दार फार आवडायचं. अबानूब ते अगदी हळूहळू लावायचा आणि फटीतून डोळा लावून पाहायचा. दार बंद झाल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हा त्याचा प्रश्न होता. बस्मला म्हणायची विझत नाही, तो म्हणायचा विझतो. त्यावरून त्यांची भांडणं व्हायची. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं, विझतो.

डॉक्टरांनी अबानूबच्या बापाला बोलावून सांगितलं की पाय काढावा लागेल. बाप शेतकरी माणूस. स्वयंपाकघरात येऊन तो बायकोला म्हणाला, “एका पायाचा मुलगा मातीत उभा कसा राहील? औषध द्या म्हणावं. पाय राहू दे.” औषध चालू राहिलं. अबानूबचे केस गेले, भुवया गेल्या, पण दुखणं थांबलं. पुढचा सारा महिना तो व्हरांड्यात धावत होता. हनिय्याने त्याला धावताना पाहिलं. बस्मला तेव्हा काठीवर होती.

मग एका दुपारी त्याला ताप आला आणि दम लागला. त्याला उचलून इस्पितळात नेलं. उम्म अबानूब त्यानंतर स्वयंपाकघरात आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रावयाने तिचा कप्पा उघडला, घेवड्याचा डबा काढला, अबानूबची आंब्याच्या रसाची बाटली काढली, आणि बराच वेळ नळ चालू ठेवून कप्पा धूत राहिली.

संध्याकाळी हनिय्याने विचारलं, “उम्म अबानूब कुठे दिसत नाही?”

“घरी गेले,” हज्जा म्हणाली.

हनिय्याला राग आला. “भेटूनसुद्धा गेली नाही. एवढे दिवस माझ्या चीजला नावं ठेवली आणि आता मुलगा बरा झाला तर पाठ फिरवली.” मग चहा ढवळता ढवळता ती स्वतःशीच हसली. “नजरेला घाबरली असेल. मुलगा धावतोय, आणि इथे सगळ्यांची मुलं आडवी. मीही असाच गुपचूप नेला असता.”

त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या रावयाने ऐकलं, हज्जाने ऐकलं, आणि दोघी काही बोलल्या नाहीत. रीतच तशी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी हनिय्याला सांगितलं की बस्मलाचा पाय काढायला हवा, आणि लवकर. हनिय्याने ठाम नकार दिला. स्वयंपाकघरात मुळूखियाच्या भाजीची पानं खुडताना ती सगळ्यांना सांगत होती, “अबानूब दोन पायांवर घरी गेला. मी या डोळ्यांनी त्याला पळताना पाहिलंय. माझी मुलगी एका पायावर का जाईल? त्यातून मुलीची जात. तिला कोण करून घेईल?”

सर्वांनी मान डोलावली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी डोलावली आणि ज्यांना शंका होती त्यांनीही डोलावली.

दुसऱ्या दिवशी रावयाने हज्जाला गाठलं. मी दोघींच्या मध्ये उभा होतो.

“हज्जा, तिला सांगायला हवं.”

“काय?”

“अबानूब गेला ते.”

“गेलाच आहे. घरी.”

“हज्जा, असं नका करू.”

“तू काही काल आलेली नाहीस, रावया. आज हिला सांगशील. उद्या वरच्या मजल्यावरची प्रत्येक आई मला विचारेल, अमकी कुठे गेली, तमका कुठे गेला. मग काय करशील? सगळ्यांची नावं वाचून दाखवशील?”

“ती पाय वाचवतेय आणि मुलगी घालवतेय.”

“मग डॉक्टर कशाला आहेत?”

“डॉक्टरांना ती म्हणते, तुम्ही पुस्तकं वाचलीत, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

हज्जा खुर्चीवर बसली. तिचे गुडघे दुखत. “माझा हातिम भिंतीकडे तोंड करून पडला होता,” ती म्हणाली. “मी चमचा पुढे केला की ओठ मिटायचा. तू पाहिलं नाहीस ते. मी असेपर्यंत या घरात मरणाचं नाव निघणार नाही.”

हज्जा वाईट नव्हती, मित्रांनो. तिच्यासारखी माणसं नसती तर हनिय्या पदपथावर झोपली असती. म्हणूनच रावयाला तिचं मोडता येईना. ती रोज ठरवून यायची. हनिय्या एकटी दिसली की माझं दार उघडायची, पाण्याची बाटली काढायची, आईसमोर उभी राहायची तशी तिच्यासमोर उभी राहायची, आणि बाटली परत ठेवून भांडी घासायला लागायची. असे आठवडे गेले. बस्मलाची मांडी सुजत होती. ती आता स्वयंपाकघरात येत नव्हती. तिच्यासाठी पेल्यात बर्फाचे तुकडे नेत असत.

शेवटी एका सकाळी रावया बोलली. हनिय्या कोबीची पानं उकळत होती.

“उम्म बस्मला, अबानूब वारला.”

हनिय्याने मागे वळून पाहिलं नाही. “तोंड धुऊन ये, अब्ला. असलं काही बोलू नये.”

“खरं सांगतेय. ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“डॉक्टरांनी शिकवून पाठवलं तुला. मला कळतं सगळं. आम्ही सईदकडचे, दक्षिणेतले, म्हणजे माठ, असं वाटतं ना तुम्हा कैरोवाल्यांना?” तिने हात पुसले, फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओट्यावर ठेवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग उम्म अबानूबचा आवाज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“कृतघ्न बाई,” हनिय्या म्हणाली, “जिवंत आहेस ना?”

“उम्म बस्मला.” मग काही वेळ नुसत्या कोंबड्या. “कशी आहेस?”

“माझं सोड. अबानूब कसा आहे?”

पुन्हा कोंबड्या.

“बरा आहे.”

“दे की त्याला फोन. बस्मला आठवण काढते.”

“बाहेर आहे. पोरांबरोबर लांब गेलाय.”

“आणि पाय?”

“पाय,” उम्म अबानूब म्हणाली. “पळतोय.”

“देवाची कृपा. नजरेला घाबरून पळून गेलीस ना? मी म्हटलंच होतं सगळ्यांना.”

“हो. बस्मला कशी आहे?”

“आहे आपली. अशक्त आहे.”

“देव तुला ती ठेवो,” उम्म अबानूब म्हणाली आणि फोन बंद झाला.

हनिय्याने रावयाकडे पाहिलं. “ऐकलंस?”

रावया भांडी घासायला वळली. ज्या आईचा मुलगा गेला तिनेच सांगितलं होतं की तो पळतोय.

चार-पाच दिवसांनी दुपारी खालचं दार वाजलं. हज्जा जिन्यात कुणाशी तरी बोलत होती. “अगं, आधी माझ्या खोलीत ये. मागच्या बाजूने ये.” पण येणारी बाई पुढच्या जिन्यानेच वर आली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. उम्म अबानूब. गाडीतून रात्रभर बसून आल्यासारखे तिचे कपडे चुरगळले होते. ती इतकी वाळली होती की हनिय्याने तिला आधी ओळखलंच नाही.

“मी फोनवर खोटं बोलले,” ती म्हणाली.

हनिय्याच्या हातातलं लिंबू खाली पडलं.

“तुझं लेकरू आजारी. त्याच्या कानावर माझ्या गेलेल्याचं नाव कसं घालू? आमच्यात असं करत नाहीत. म्हणून म्हटलं पळतोय. मग तू पायाचं विचारलंस, आणि नंतर माझ्या डोक्यात आलं, ही पायाचं का विचारते? फोन करून अब्लाला विचारलं तेव्हा कळलं.”

“तो पळत होता,” हनिय्या म्हणाली. “मी पाहिलं.”

“पळत होता. पाय बरा वाटत होता. पण ते छातीत गेलं होतं.”

“मला भेटून का नाही गेलीस?”

उम्म अबानूबने दारात उभ्या असलेल्या हज्जाकडे पाहिलं. “या घरात तसं करत नाहीत ना,” ती म्हणाली.

हनिय्या स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. उम्म अबानूबने तिचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले. हज्जा सकीना दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. तिला उठवायला त्या दिवशी दोघी लागल्या.

हनिय्याने त्याच दुपारी पाय काढायला संमतीची सही केली. मग पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं की आता पाय काढून उपयोग नाही, ते तिच्याही छातीत पोहोचलं आहे. मी तिथे नव्हतो. रावयाने हे हज्जाला स्वयंपाकघरात सांगितलं. हनिय्या डॉक्टरांचा कोट धरून म्हणत होती, “काढा. दोन्ही काढा. हवं तर हात काढा.”

संत्र्यांच्या दिवसांत बस्मला गेली. तिला इस्पितळातूनच सोहागला नेलं. दुसऱ्या दिवशी एका आईने हज्जाला विचारलं, ती काठीवाली मुलगी दिसत नाही. हज्जाच्या तोंडून सवयीने निघालं, “घरी गेली.” मग ती तिथेच उभी राहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि आपल्या खोलीत जाऊन बसली. पुष्कळ दिवस ती स्वयंपाकघरात आली नाही.

चाळिसाव्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर हनिय्या परत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने हज्जाला विचारलं, “पायाचं दुखणं असलेलं मूल सध्या आहे का घरात?”

हज्जा म्हणाली, “आहे. फय्यूमची आहे. मुलगा आहे तिला. सही करत नाही.” आणि तिने स्वतः जाऊन त्या बाईला स्वयंपाकघरात आणलं.

हनिय्या तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. अबानूब पळत होता ते, आपण काय समजलो ते, बस्मला कधी गेली ते. ती रडली नाही. फय्यूमची बाई मात्र मध्येच उठून म्हणाली, “असलं माझ्यासमोर बोलू नकोस, माझं मूल वर झोपलंय.” हनिय्या म्हणाली, “बस, बाई.” ती बसली.

“मग पाय काढला असता तर वाचली असती का तुझी?”

“ठाऊक नाही,” हनिय्या म्हणाली. “रोज विचारते. कुणाला सांगता येत नाही.”

त्या बाईने पुढच्या आठवड्यात सही केली. मुलाचा पाय गेला. उन्हाळ्यापर्यंत तो कुबड्यांवर माझ्यापाशी यायचा, तेवढं मी पाहिलं. पुढचं मला माहीत नाही. पण मला त्या दिवशीचंच सांगायचं आहे. सगळं सांगून झाल्यावर हनिय्याला गाडी गाठायची होती. फय्यूमची बाई टेबलावर डोकं टेकून रडत होती. हनिय्याने पिशवी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. तिने खुर्ची जवळ ओढली आणि बसून राहिली. गाडी चुकली.

मित्रांनो, तुमच्या आसपासही कुणाच्या घरी असं दुखणं येईल. तेव्हा त्यांना खोटा धीर देऊ नका. विचारलं तर खरं सांगा. आणि सांगून उठून जाऊ नका.